सात नंबरचे बूट

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी सांगितल्या. भेडाघाटला नर्मदेच्या धुआंधार धबधब्याच्या कड्यावरून माझ्या हातून पितळी लोटा सुटला, तो वाहत वाहत भडोचला पोहोचला आणि तिथे घाटावर अंघोळ करणाऱ्या माझ्या आतेभावाच्याच हाती लागला, ही गोष्ट आमच्या घमापूर मोहल्ल्यातल्या निदान चाळीस माणसांनी खरी मानली. एकाने लोटा बघायला मागितला. मी दाखवला. तो लोट्याच्या पाया पडला.

पण एकोणीसशे एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मी म्हटलं की गुणवंताचा पाय सकाळी सात नंबरचा असतो आणि संध्याकाळी नऊ नंबरचा होतो, तर एकानेही मान हलवली नाही. खरं बोलायची सवय मला नव्हती आणि माझ्या तोंडून ऐकायची लोकांना नव्हती.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा दुसऱ्याचे पाय कशाला बघत होता. मी दारूगोळ्याच्या कारखान्यात होतो. जिथे स्फोटकं भरायचं काम चाले, त्या इमारतीत बाहेरचे बूट घालून जाता येत नसे. बुटाला खिळा असतो, खिळा फरशीवर घासला की ठिणगी, आणि ठिणगी पडली की हजेरी घ्यायलाही कोणी उरत नाही. म्हणून दारातच एक खोली होती आणि खोलीच्या मधोमध गुडघाभर उंचीची आडवी लाकडी फळी. माणसाने फळीवर बसायचं, घरचे बूट अलीकडे सोडायचे, पाय उचलून पलीकडे न्यायचे आणि जमिनीला टेकायच्या आधी आतले बिनखिळ्याचे बूट पायात सरकवायचे. ते बूट काढून देणारा मी. अंगठी, घड्याळ, काडेपेटी, जानव्याला बांधलेली किल्ली, सगळं माझ्याकडे ठेवून जायचं. बावीस वर्षं मी त्या फळीशी बसलो. माणसाचं तोंड विसरेन, पाय विसरणार नाही.

आणखी एक काम माझ्याकडे होतं. होळीपासून दिवाळीपर्यंत आत भट्टीसारखं तापायचं, पंखाही लावता येत नसे. माणसं चक्कर येऊन पडू नयेत म्हणून फळी ओलांडणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पांढऱ्या दोन गोळ्या ठेवायच्या. काचेची बरणी माझ्या उजव्या हाताशी असे. लोक त्यांना ताकदीच्या गोळ्या म्हणत. पाण्याबरोबर गिळत आणि पुढे जात.

गुणवंत आत तराजूवर बसायचा. तोफगोळ्याच्या फ्यूजमध्ये भरायची भुकटी तोलून देणं हे त्याचं काम. तांदळाचा दाणा मधोमध तोडून दिला तर कुठला अर्धा जड हे तो चिमटीत धरून सांगतो, अशी त्याची ख्याती होती, आणि ती मीच पसरवली होती. वय बावन्न. छाती पुढे काढून चालायचा. घमापुराहून सायकलने यायचा आणि वाटेत कोणालाही पुढे जाऊ द्यायचा नाही. पाय सात नंबर.

त्या उन्हाळ्यात बंगालकडून रोज नव्या बातम्या येत होत्या आणि आमच्याकडे वरून हुकूम आला होता. आठ तासांचे दहा झाले, दहाचे बारा. फोरमन तुळशीराम विचारायचे, "कौन रुकेगा?" आणि गुणवंताचा हात सगळ्यात आधी वर जायचा.

मेच्या मध्यावर एका दुपारी जेवणाच्या सुट्टीतून परतताना तो फळीवर बसला आणि म्हणाला, "रत्नाकरभैया, आठ नंबर दे न."

"काहून? सात कुठे गेला?"

"आवळून राहिला. तुझे बूट आटले."

"बूट आटत नसतात. मोजा काढ बरं."

त्याने मोजा काढला. घोट्याच्या वर, जिथे मोज्याची कड होती, तिथे खोबणी पडली होती. कणकेच्या गोळ्याला दोरी बांधून काढल्यासारखी.

"वाढून राहिलो बे मी," गुणवंत हसला. "बावन्नाव्या वर्षी! तुझी वाढ डोक्यात थांबली, माझी पायातून सुरू झाली."

मीही हसलो. त्याच्या हातावर गोळ्या ठेवल्या. जून लागेपर्यंत तो संध्याकाळी सुटताना नऊ नंबर घालून बाहेर येऊ लागला. घमापुराहून येताना वाटेतल्या नाल्यांवरच्या दोन पुलियांवर सायकल टेकवून थांबू लागला. विचारलं तर म्हणायचा, "हवा भरून राहिलो." सायकलला, असं मला वाटे. तो स्वतःविषयी म्हणत होता.

मी तुळशीरामांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"रतनाकर, पिछले महीने तूने कहा था, नर्मदा का मगर तेरे पास जूते माँगने आया था।"

"वो अलग बात है, साहब."

"कौन-सा नंबर लिया था उसने?"

"ग्यारह. दो जोड़े."

"तो जा, गुणवंत को भी ग्यारह दे दे।"

जूनच्या सात तारखेला सकाळी गुणवंत फळीवर बसला, डावा पाय पलीकडे नेला आणि उजवा उचलेचना. एक पाय आत, एक बाहेर. तोंड उघडं, ओठ जांभळे, श्वास असा की लोहाराच्या भात्याला भोक पडलंय. मी त्याला दोन्ही हातांनी धरलं. आणि खोटं सांगत नाही, तेवढ्यातही तो मला म्हणाला, "बूट... आधी बूट घाल. पाय टेकून जाईन मी." चौघांनी उचलून त्याला इस्पितळात नेलं.

घमापुरात बातमी पोहोचली ती दोन शब्दांची : हार्ट फेल. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच. शेजारच्या राधाबाई पदर डोळ्याला लावून इस्पितळाच्या दारातूनच हंबरडा फोडत आल्या. गुणवंत खाटेवर उशांना टेकून बसलेला, हातात बशी.

"राधाबाई," तो म्हणाला, "जरा थांबता का? माझा चहा व्हायचा आहे."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. डॉक्टर शैलजा, नागपूरच्या. केस पिनांनी घट्ट बसवलेले, आणि बोलणंही तसंच. मी गुणवंताचे बाहेरचे बूट पोहोचवायच्या निमित्ताने तिथेच उभा होतो. खाटेपाशी विभावरीवहिनी, गुणवंताची बायको, कमरेला पदर खोचून.

"हृदय बंद पडलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बंद पडलं असतं तर यांनी चहा प्यायला नसता. हृदय म्हणजे पंप. हा पंप थकलाय. चालतो, पण जेवढं येतं तेवढं पुढे ढकलत नाही. यांचा रक्तदाब कितीतरी वर्षं चढलेला असणार. कोणी मोजलाच नाही."

"मग पाय काहून सुजले?" वहिनींनी विचारलं. "पंप तर छातीत आहे."

"तुमचं माहेर कुठलं?"

"ग्वारीघाट."

"नर्मदा चढली की तिला मिळणाऱ्या नाल्याचं काय होतं?"

"उलटा फिरतो. आमच्या मागच्या अंगणात पाणी येते."

"बस, तेच. पुढे जागा नाही म्हणून मागे तुंबतं. फुप्फुसात तुंबलं की माणसाला आडवं झोपता येत नाही. पायात तुंबलं की बूट होत नाही. हे किती उशा घेतात?"

"उशा कुठल्या? महिना झाला, ट्रंकेला टेकून बसूनच झोपून राहिले. विचारलं तर म्हणे, पहारा देतो."

गुणवंताने भिंतीकडे पाहिलं.

मग औषधं सांगितली. एक गोळी पंपाला जोर द्यायची. ती मोजूनच, कारण जास्त झाली तर ओकाऱ्या होतात आणि जग पिवळं दिसू लागतं. दुसरी लघवीवाटे पाणी काढायची. "आणि मीठ बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. तुम्ही पाणी काढाल आणि मीठ ते परत बोलावेल. हा आजार जात नाही, गुणवंतराव. सांभाळावा लागतो."

"बंद म्हणजे कमी न?"

"बंद म्हणजे बंद. लोणचं, पापड, चटणी, सगळं."

"मग जगायचं काहून?"

"मला छळायला," विभावरीवहिनी म्हणाल्या. "उठा आता, पाणी काढायची गोळी घ्या."

जुलैत तो कामावर परत आला, पण अटीवर. नोव्हेंबरात बोर्ड बसणार होतं. तीन डॉक्टर तपासणार, आणि तोवर सूज परत आली तर कागदावर 'अनफिट', आणि गुणवंत घरी. निवृत्तीला सहा वर्षं उरली होती. पण त्याला खुपत होतं ते वेगळंच.

"लढाई दाराशी आली बे," तो मला म्हणाला. "सगळे आत, आणि मी घमापुरात खाटेवर बसून मटार सोलू? नाही जात म्हणजे नाही जात. उचलून नेलं तर फळी धरून बसेन."

पाण्याच्या गोळीने पहिल्याच दिवशी माझी परीक्षा घेतली. तो सकाळी गोळी घेऊन आला आणि दुपारपर्यंत अकरा वेळा फळी ओलांडून मुतारीत गेला. अकरा वेळा आतले बूट काढ, बाहेरचे घाल, बाहेरचे काढ, आतले घाल. बाराव्यांदा आला तेव्हा मी म्हणालो, "गुणवंता, तू तिकडेच खुर्ची टाक." दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी गोळी ड्यूटीवरून घरी गेल्यावर घ्यायला सांगितली.

वहिनींनी मिठाचा डबा ट्रंकेत कुलूप लावून ठेवला. वरण बिनमिठाचं, भाजी बिनमिठाची, वर लिंबू नाहीतर आमचूर. स्वतःसाठीही वेगळं केलं नाही. गुणवंत पहिला घास तोंडात घालायचा, डोळे मिटायचा, आणि विष पचवणाऱ्या देवाच्या थाटात गिळायचा. त्याने कधी मागितलं नाही. हे मी पंगतीला बसून बघितलं आहे. मलाही तेच वाढलं होतं, म्हणून चांगलं लक्षात आहे.

आणि तरी ऑगस्टमध्ये दुपारनंतर सात नंबर होईना. आठ. मग सुटताना नऊ.

सोमवारी इस्पितळात वजन होत असे. त्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी वहिनींना व्हरांड्यात घेतलं, आणि व्हरांडा लांब असला तरी आवाज लहान नव्हता.

"आठ दिवसांत अडीच किलो! आठ दिवसांत एवढी चरबी चढत नाही, पाणीच चढतं. घरात कोणीतरी यांना मीठ देतंय. बायकांना दया येते. एवढंसं चालतं, म्हणतात."

"मला दया येत नाही, मॅडम. यांना विचारा. दीड महिना मी स्वतः बिनमिठाचं गिळून राहिली. माझी जीभ बघता का?"

"मग मीठ कुठून येतंय?"

"ते तुम्ही सांगा! पाणी मिठाशिवाय थांबत नाही म्हणता न? म्हणजे मीठ आहे. माझ्या घरात नाही, म्हणजे घराबाहेर आहे. चोर म्हणायच्या आधी चोरी तर शोधा."

डॉक्टरीणबाईंनी वजनाचा कागद परत उलटून पाहिला. त्यांना उलट बोलणारं बहुतेक कोणी भेटलं नव्हतं.

संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. चप्पल न काढता दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, तुमचं खोटं मी इतकी वर्षं ऐकलं. लोटा भडोचला गेला, मी म्हटलं, गेला असेल. आज एक खरं द्या. त्यांचा पाय रोज तुम्ही बघता."

"वहिनी, सकाळी सात कसाबसा. जेवणाच्या सुट्टीत आठ. सुटताना नऊ."

"शपथ?"

"लोट्याची."

त्या हसल्या नाहीत. "म्हणजे घरून बरा जातो आणि तिथे फुगतो. मीठ तुमच्या फळीपलीकडे आहे." दुसऱ्या दिवशी इस्पितळात जाऊन त्यांनी तेच सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसभर पाय खाली सोडून बसलं की थोडं पाणी उतरतंच. मग म्हणाल्या, "पण दोन नंबर? उद्या मी स्वतः येते."

आल्या. जेवणाच्या सुट्टीत, लोक आत परतायच्या वेळी. मी फळीशी उभा.

"मॅडम, घड्याळ. कानातलं. अंगठी."

दिलं.

"केसांच्या पिना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक काढत गेल्या. अकरा पिना. केस खांद्यावर आले आणि डॉक्टरीणबाई एकदम कोणाच्या तरी धाकट्या बहिणीसारख्या दिसू लागल्या.

"आणि ते गळ्यातलं."

"स्टेथोस्कोप? त्याशिवाय मी तपासू कशाने?"

"ते मला माहीत नाही. धातू आत जात नाही. मोठे साहेब आले तरी नाही."

त्यांनी तोही माझ्या हातात दिला. सगळ्यात लहान बूट चार नंबरचे होते. त्यात कापूस कोंबून दिले आणि त्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. रिकाम्या हातांनी.

गुणवंत आला. फळीवर बसला, पाय पलीकडे नेले. डॉक्टरीणबाई खाली वाकल्या आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा तिथे खळगा. अख्खा वाटाणा बसला असता त्यात, आणि भरून यायला एवढा वेळ लागला की मागची रांग कुरकुरू लागली. मग त्यांनी त्याची हनुवटी वळवली आणि मानेची शीर पाहिली. दोरीसारखी फुगलेली, उडणारी. "यंत्राची गरज नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "सगळं वर लिहिलंय."

तेवढ्यात गुणवंताने सवयीने हात पुढे केला. मी सवयीने बरणीत हात घातला आणि त्याच्या तळव्यावर गोळ्या ठेवल्या.

"हे काय?"

"ताकदीची गोळी, मॅडम. सगळ्यांना दोन, आत गरम होते म्हणून."

"यांच्या हातावर चार आहेत."

"आजारी आहे न बिचारा," मी म्हणालो. "मीच वाढवून दिल्या. सकाळी चार, दुपारी चार."

त्यांनी एक गोळी उचलली आणि जिभेला लावली. मग ती माझ्यापुढे धरली.

"रत्नाकरजी, हे मीठ आहे."

"नाही मॅडम," मी म्हणालो. "हे सरकारी आहे."

आज तुम्ही हसाल. पण तेव्हा त्या रांगेत कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तेच वाटत होतं. खारट लागतं हे काय मला ठाऊक नव्हतं? होतं. पण स्वयंपाकघरातल्या डब्यात असलं की मीठ, आणि इस्पितळाच्या बरणीत असलं की औषध. वहिनी घरी डब्याला कुलूप लावत होत्या आणि मी इथे मुठीने वाटत होतो. गुणवंताने घरी एक चिमूट मागितली नाही आणि इथे दिवसाला आठ गोळ्या गिळल्या. दोन्ही एकाच जिद्दीने.

डॉक्टरीणबाई फळीवर बसल्या. "चांगल्या माणसाला ही गोळी उन्हात वाचवते," त्या म्हणाल्या. "यांना बुडवते. आणि या बरण्यांची मागणी दर महिन्याला माझ्याच टेबलावरून जाते. मी सही करते. मी यांच्या बायकोला चोर म्हटलं."

रोज आठ. माझ्या हातांनी, आणि प्रेमाने. मी बरणीचं झाकण लावत बसलो, ते लागेना.

"तोंड काहून पाडून राहिला बे?" गुणवंत धापा टाकत म्हणाला. "तू दिल्या, मी गिळल्या. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात न? मी जागलो. रात्र रात्र."

आठवडाभर त्याला इस्पितळात ठेवलं. डॉक्टरीणबाई घमापुरात वहिनींच्या घरी स्वतः गेल्या आणि माफी मागितली. वहिनी म्हणाल्या, "जेवून जा मग," आणि बिनमिठाचं वाढलं. त्यांनी पूर्ण ताट संपवलं, असं ऐकतो.

त्यानंतर माझ्या बरणीशेजारी गुणवंतासाठी लवंगांची पुडी असे. आणि वहिनींनी एक नवीनच प्रकार सुरू केला. रोज संध्याकाळी तो घरी आला की खाकी कागद जमिनीवर टाकायचा, त्यावर त्याला उभं करायचं आणि पेन्सिलीने उजव्या पायाची रेघ काढायची. "दिवाळीला लक्ष्मीची काढतात, ही घुबडाची," गुणवंत म्हणायचा. कागद साठत गेले.

नोव्हेंबरात बोर्ड बसलं. तीन डॉक्टर, मधले मोठे साहेब पांढऱ्या मिशांचे. मी दाराशी होतो. गुणवंताचे बूट सांभाळायला कोणीतरी लागतंच.

साहेबांनी कागद चाळले. "दिल की बीमारी। लड़ाई सर पर है, हमें पूरे आदमी चाहिए। ऐसा करो, सामने की सीढ़ी है। दो मंज़िल चढ़कर दिखाओ।"

मी डोळे मिटले. मला माझा गुणवंत माहीत होता. दोन मजले? तो पळत चढेल, वरून हात हलवेल आणि तिथेच बसेल, कायमचा.

"नहीं चढ़ूँगा, साहब."

मी डोळे उघडले.

"क्या मतलब?"

"सीढ़ी चढ़ना मेरा काम नहीं है. मेरा काम बैठकर तौलने का है. तराज़ू मँगवाइए, बीमारी से पहले का हाथ और अब का हाथ मिलाकर देखिए. दिल कमज़ोर है, हाथ नहीं."

"तुम्हें मालूम है तुम्हें क्या हुआ है?"

"मालूम है. पंप थका है, बंद नहीं है. नमक खाऊँगा तो पानी रुकेगा, पानी रुकेगा तो नाला उल्टा चलेगा. लेटकर साँस फूली या दो दिन में किलो-डेढ़ किलो बढ़ा, तो उसी दिन अस्पताल. राह नहीं देखूँगा." मग छाती पुढे काढून, पण हळू आवाजात, "जून से पहले मुझे कुछ मालूम नहीं था, तब आपके काग़ज़ पर मैं फिट था. अब सब मालूम है, तो अनफिट लिखेंगे?"

मिशा हलल्या. रागाने की कशाने ते मला दाराशी कळेना. "और सूजन? सूजन का क्या सबूत?"

तेव्हा विभावरीवहिनी मला बाजूला सारून आत गेल्या. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी टेबलावर खाकी कागदांची चळत आदळली.

"ये रहा सबूत. रोज शाम का. उजाले के सामने पकड़िए."

साहेबांनी चळतीतले वीस-पंचवीस कागद एकत्र उचलून खिडकीपुढे धरले. उजेड कागदांतून आला आणि सगळे पाय एकावर एक बसले. वीस-पंचवीस रेघांची एकच रेघ. असे तीन गठ्ठे पाहिले. तिसऱ्यात एक रेघ बोटभर बाहेर सुटलेली होती, आणि तिच्या आत आणखी दोन.

"ये?"

"ये भाचीच्या लग्नाचा दिवस," वहिनी हिंदी विसरल्या. "दोन पापड खाल्ले यांनी, माझी नजर चुकवून. दुसऱ्या दिवशी मीच यांना डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. तीन दिवसांत रेघ परत आत आली, बघा. मी लपवलं नाही. लपवायचं असतं तर तो कागद चुलीत गेला असता."

साहेबांनी तो कागद बराच वेळ हातात ठेवला. मग डॉक्टर शैलजांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सर, माझ्या नोंदींपेक्षा या चांगल्या आहेत."

कागदावर लिहून आलं : बैठं काम, दिवसाला आठ तास, ओव्हरटाइम नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी. गुणवंत बाहेर आला, माझ्या हातातून बूट घेतले आणि म्हणाला, "चलो." एवढंच. पण पायऱ्या उतरताना कठडा धरून, मध्ये थांबत उतरला. कोणी बघतंय का याची फिकीर न करता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद लागले, भोंगा दिवसातून तीनदा वाजू लागला आणि आमच्या खोलीत बुटांचे ढीग पडू लागले. एके दिवशी दुपारी चार वाजता तुळशीराम फळीशी येऊन उभे राहिले.

"आज सब बारह घंटे। गुणवंत, तू भी।"

गुणवंत आतून चालत आला, फळीवर बसला. "मेरे आठ हो गए, साहब."

"अरे, लड़ाई चल रही है! तू तो सबसे पहले हाथ उठाता था।"

"इसीलिए जा रहा हूँ. आज चार घंटे ज़्यादा बैठूँगा, तो कल से कौन बैठेगा? मुझे ये लड़ाई पूरी लड़नी है, एक दिन की नहीं." त्याने दोन्ही पाय एकदम उचलले, अलीकडे आणले, आणि आतले बूट माझ्याकडे ढकलले. "कल सुबह सात बजे तराज़ू पर मिलूँगा."

सगळी रांग ऐकत होती. तुळशीरामांचा चेहरा लाल झाला. गुणवंत शांतपणे बाहेरच्या बुटांच्या नाड्या बांधत होता.

"रतनाकर," ते माझ्याकडे वळले, "नंबर कितना है इसका? शाम का?"

"सात, साहब."

"सच बोल।"

"सात."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली आणला, वाकले, गुणवंताने आत्ताच काढलेला बूट हातात घेतला आणि उलटा करून तळव्यावरचा आकडा वाचला. बोट फिरवून पाहिलं, मी खडूने तर लिहिला नाही ना. मग बूट हळूच माझ्या फडताळात, सातच्या खणात ठेवला.

"जा," ते गुणवंताला म्हणाले. "सुबह टाइम पे आना।"

तो गेला. दारातून सायकलची घंटी ऐकू आली, दोनदा, मुद्दाम.

बावीस वर्षांत तुळशीरामांनी माझं एवढं एकच बोलणं तपासून पाहिलं, आणि तेच नेमकं खरं निघालं. मला जरा वाईटच वाटलं.